मेलबर्नहून एका दिवसाची कांगारू-कोआला टूर: पैसे वसूल, फक्त माहितीपत्रकातला एक शब्द बदला

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे घाईतल्या लोकांचं काम होईल. पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कापलाय तो एका शब्दासाठी, त्याबद्दल पुढे लिहिते. टूरवाल्यांचं नाव इथे टाकत नाही, नवरा-बायको मिळून चालवतात, छोटा धंदा आहे आणि तक्रार मी त्यांना थेट मेल करून कळवलीय, उगाच नेटवर नाव कशाला खराब करायचं. ज्यांना जायचंय त्यांनी मेसेज करा, नंबर देते.

टूर साधीच आहे. सकाळी सातला मेलबर्नमधून उचलतात, सात-आठ जणांची व्हॅन, ग्रेट ओशन रोडने अँग्लसीला जातात, तिथल्या गोल्फ कोर्सवर कांगारू बघायचे, मग पुढे केनेट रिव्हर आणि केप ऑटवेच्या बाजूला कोआला, रात्री साडेआठपर्यंत घरी. असं करणाऱ्या डझनभर टूर आहेत. मी हीच घेतली कारण यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं की गाइड बाई आधी प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि त्या "मार्सुपियलचं बाळंतपण" या विषयावर नीट बोलतात. मार्सुपियल म्हणजे पोटाला पिशवी असलेले प्राणी, कांगारू, कोआला, वॉलबी, पॉसम वगैरे. हा विषय वाचून मी लगेच बुकिंग केलं, कारण आई आली होती सातारहून आणि आई म्हणजे एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स, कोरेगाव तालुक्यात निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिला ऑपेरा हाऊसपेक्षा यात रस असणार हे मला माहीत होतं.

आणि मला स्वतःला रस होता त्याचं कारणही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. माझा मुलगा आयव्हीएफचा आहे. पहिली सायकल पुण्यात केली ती फेल गेली, दुसरी इथे केली. दोन्ही मिळून मी पोटात किती इंजेक्शनं टोचून घेतली ते मोजायचं सोडून दिलं होतं. पुण्याच्या क्लिनिकमध्ये (नाव नको) मी विचारलं की हे ल्युप्रोलाइड नेमकं काय करतं, तर सिस्टर म्हणाल्या, "मॅडम तुम्ही घ्या, जास्त विचार करू नका." तेव्हापासून मला हार्मोन या विषयाचा नादच लागलाय म्हणा ना. स्वतःच्या अंगात काय चाललंय ते कोणी न सांगता सोसायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

तर अँग्लसी. गोल्फ कोर्सवर आत चालत फिरू देत नाहीत, छोट्या बग्गीतून नेतात (क्लबची स्वतःची पण वेगळी छोटी टूर असते, फक्त कांगारू बघायचे असतील तर ती घ्या). एवढे कांगारू मी आयुष्यात एका जागी बघितले नव्हते. हिरवंगार गवत, त्यावर लोक शांतपणे गोल्फ खेळतायत आणि बाजूला कांगारू आडवे पडलेत कोपरावर डोकं टेकून, दुपारी जेवून ओसरीवर लवंडल्यासारखे. काहींच्या कानाला रंगीत बिल्ले, काहींच्या गळ्यात पट्टे, मेलबर्न युनिव्हर्सिटीचे लोक इथल्या कांगारूंचा अभ्यास करतात त्याच्या खुणा. हे सगळे ईस्टर्न ग्रे, म्हणजे राखाडी कांगारू.

बग्गी एका मादीपासून दहा-बारा फुटांवर थांबली. ती उभी होती, दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड ताणून धरलं होतं आणि सगळं डोकं आत घालून चाटत होती. आतून एक लांब पाय बाहेर आला, परत आत गेला, मग कान दिसला. दोन-तीन मिनिटं तिचं हेच चालू होतं, मध्येच डोकं वर काढून आमच्याकडे बघायची, नाक ओलं, ओठांना काहीतरी लागलेलं, परत आत. आई कुजबुजली, "अगं, लंगोट बदलतीये ती." आणि खरंच तेच होतं, पिशवीत शी-शू होते ती आई चाटून साफ करते.

गाइड बाईंनी इथे जे सांगितलं त्यासाठी टूरचे अर्धे पैसे वसूल झाले. या कांगारूचा गर्भ पोटात राहतो फक्त ३६ दिवस. जन्मतं तेव्हा ते पिल्लू एक ग्रॅमपेक्षाही कमी असतं, सोललेल्या शेंगदाण्याएवढं, डोळे नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे हात तयार असतात आणि त्या हातांनी ते आईच्या केसांतून स्वतः चढत पिशवीत जातं, आई उचलून ठेवत नाही. आत स्तनाग्र तोंडात धरलं की ते तोंडात फुगतं आणि पिल्लू तिथे अडकून राहतं. त्यानंतर जवळजवळ अकरा महिने पिशवीत. म्हणजे आपल्याकडे नऊ महिने पोटात आणि मग अंगावर, त्यांच्याकडे पोटात महिनाभर आणि बाकी सगळं दुधावर. आई ऐकत होती आणि मी भाषांतर करत होते, मध्येच तिने असा प्रश्न विचारला की गाइड बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

आई म्हणाली, "मग दिवस गेलेत हे तिच्या अंगाला कळतं कसं?"

हा प्रश्न साधा नाही. आपल्यात गर्भ रुजला की तो एचसीजी नावाचं हार्मोन सोडतो, तो निरोप अंडाशयापर्यंत जातो की बाबा, आता प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) बंद करू नकोस, मी आलोय. म्हणून तर पाळी चुकते. आयव्हीएफवाल्या बायकांना ती चौदा दिवसांनंतरची बीटा एचसीजीची टेस्ट माहीतच आहे, मी तो रिपोर्ट बाथरूममध्ये बसून उघडला होता. तर कांगारूत हा निरोपच नाही. बीज बाहेर पडलं की मागे जी पिवळी गाठ राहते, कॉर्पस ल्युटियम, ती गर्भ असो वा नसो तिच्या ठरलेल्या दिवसांपुरतं प्रोजेस्टेरॉन बनवते आणि गर्भाचे दिवस त्या चक्राच्या आतच बसतात. त्यामुळे रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजून ती गाभण आहे का रिकामी हे सांगणं अवघड. पोटातल्या बाळाने आईच्या अंगाचा ताबा घ्यायचा हे आपल्यात, त्यांच्यात तो ताबा पिशवीतलं बाळ घेतं, दूध पिऊन.

आणि हे दूध पिणं किती जबरदस्त हुकूम आहे ते टॅमार वॉलबीत दिसतं. टॅमार म्हणजे कांगारूची छोटी चुलत बहीण, साउथ ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडवर असते, आणि मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या मॅरिलिन रेन्फ्री यांनी उभं आयुष्य या प्राण्याच्या अभ्यासात घातलंय. टॅमारची मादी व्याली की काही तासांतच परत माजावर येते, नराशी जुगते, गर्भ राहतो, पण तो गर्भ ८०-१०० पेशींचा गोळा झाला की थांबतो. मरत नाही, वाढत नाही, नुसता थांबतो. कारण पिशवीतलं पिल्लू चोखत असतं, त्या चोखण्याने मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटतं आणि प्रोलॅक्टिन त्या पिवळ्या गाठीला म्हणतं, गप्प बस. पिशवीतलं पिल्लू काही कारणाने गेलं तर हुकूम उठतो, गर्भ जागा होतो आणि २६-२७ दिवसांत नवीन पिल्लू जन्मतं. पिल्लू नीट वाढत राहिलं तर मग पुढे ऋतू आडवा येतो, आणि २२ डिसेंबर उलटून दिवस लहान व्हायला लागले की तो गोळा उठतो (इथे डिसेंबरात सगळ्यात मोठा दिवस, आपल्या उलट), जानेवारीच्या शेवटी बाळंतपणं. म्हणजे तो गर्भ अकरा महिने सुद्धा थांबून राहू शकतो.

मी हे भाषांतर करता करता गप्प झाले थोडा वेळ. माझा एक गर्भ अजून फ्रीझरमध्ये आहे. पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट, साधारण तेवढ्याच पेशींचा. दरवर्षी जुलैत स्टोरेजचं बिल येतं आणि दरवर्षी मी आणि नवरा जेवणाच्या टेबलावर ते बिल ठेवून बसतो, एक-दोन दिवस ते तिथेच पडलेलं असतं, मग भरतो. कांगारूच्या जातीने हे काम स्वतःच्या अंगात करून ठेवलंय, नायट्रोजनच्या टाकीशिवाय, हे ऐकून मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही.

आईला मात्र हे लगेच समजलं. "पाजतीये तोवर पाळणा लांबतो, आम्ही बायकांना हेच सांगायचो," ती म्हणाली, "पण सहा महिन्यांपुरतं, नुसतं पाजत असशील आणि पाळी आली नसेल तर, पुढे भरवसा नाही." गाइड बाईंना सांगितलं तर त्या जाम खूश, म्हणाल्या अगदी तेच प्रोलॅक्टिन. आणि मग त्यांनी सांगितलं की शास्त्रज्ञांनी टॅमारला ब्रोमोक्रिप्टिन टोचून बघितलं, त्याने प्रोलॅक्टिन खाली येतं, आणि पिल्लू पिशवीत चोखत असतानाही झोपलेला गर्भ उठला. ब्रोमोक्रिप्टिन! माझं प्रोलॅक्टिन वाढलेलं होतं तेव्हा पुण्यात मला याच गोळ्या दिल्या होत्या, रोज सकाळी मळमळायचं. आज इतक्या वर्षांनी, अँग्लसीच्या गोल्फ कोर्सवर मला पहिल्यांदा नीट कळलं की ती गोळी काय करत होती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर वाचून कोणाचा घोळ होईल. समोर दिसतात त्या राखाडी कांगारूंमध्ये हे गर्भ थांबवणं क्वचितच होतं. लाल कांगारूत ते नेहमीचंच, त्यांच्यात एक पिल्लू बाहेर उड्या मारतंय, एक पिशवीत, एक पोटात थांबलेलं, आणि दोन स्तनांतून दोन वेगळ्या प्रकारचं दूध, एकाच आईला एकाच वेळी. गाइड बाईंनी हा फरक स्वतःहून सांगितला, ते मला आवडलं. बाकीच्या टूरवर सगळे कांगारू एकाच पोत्यात घालतात.

आता मुद्द्याचं, म्हणजे इम्प्लांट.

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, काही ठिकाणी कांगारू आणि कोआला एवढे वाढलेत की त्यांना खायला पुरत नाही. केप ऑटवेला आम्ही दुपारी गेलो तिथे हे डोळ्यांनी दिसतं, रस्त्याच्या कडेला मॅना गमची झाडं नुसती सांगाड्यासारखी उभी, पान नाही, साल पांढरी पडलेली. मॅना गम हा निलगिरीचाच एक प्रकार, तिथल्या कोआलांचं मुख्य खाणं. त्यांनी झाडं ओरबाडून खाल्ली, झाडं मेली, मग कोआला उपाशी मरायला लागले. २०१३-१४ मध्ये सरकारने तिथले जवळपास ७०० कोआला इंजेक्शन देऊन मारले, फार खंगलेले होते म्हणून, आणि लोकांना ते कळलं २०१५ मध्ये. गाइड बाई हे सांगताना थांबल्या दोनदा. व्हॅनमध्ये एक जर्मन जोडपं होतं, त्यातली बाई रडली.

मारायचं नसेल तर जन्म कमी करायचे, दुसरा रस्ता नाही. बड्ज बिमच्या जंगलात २००४ पासून कोआलाच्या माद्यांना इम्प्लांट लावतात. लांब काठीला फडकं बांधून झाडावरच्या कोआलाच्या डोक्यावर हलवतात, ती घाबरून खोडावरून खाली खाली येते, मग पकडून भूल देऊन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली काड्या सरकवायच्या. त्या काड्यांमध्ये असतं लिव्होनोरजेस्ट्रेल. मी आईला नाव सांगितलं आणि तिने लगेच विचारलं, "म्हणजे माला-डी मधलं?"

हो. तेच. माला-डी, माला-एन मध्ये जे लिव्होनोरजेस्ट्रेल असतं ते, आय-पिलमध्ये असतं ते. आईने कोरेगाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पिशवीत घालून वाटलेलं औषध आणि व्हिक्टोरियाच्या जंगलात कोआलाच्या कातडीखालचं औषध एकच. आई मग दहा मिनिटं काही बोलली नाही, खिडकीतून समुद्राकडे बघत बसली. तिला काय वाटत होतं हे मी विचारलं नाही, पण नंतर घरी आल्यावर तिने बाबांना फोनवर सगळ्यात आधी हेच सांगितलं.

काम कसं करतं तर शरीरात सतत थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध राहिलं की बीज पिकत नाही, माद्या माजावर येत नाहीत. काही वर्षं पुरतं, मग ओसरतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट ही की टॅमारवर मेलबर्नच्या लोकांनी हे औषध लावून बघितलं तेव्हा नवीन बीज थांबलं, पण आधीपासून पोटात थांबलेला गर्भ होता तो उठला, वाढला, जन्मलाही. आधी आलेल्याला हात लागला नाही. मी गाइड बाईंना हे दोनदा विचारून घेतलं. माझ्या मनात सारखं येत होतं की हार्मोन देतात म्हणजे पिशवीतल्याचं दूध आटत असेल, पोटातलं पडत असेल. तसं नाही झालं.

दुसरं औषध डेस्लोरेलिन. हे मेंदूकडून येणाऱ्या हुकमाची नक्कल करतं. पहिले काही दिवस ग्रंथी खवळते, हार्मोन उलट वाढतात, आणि मग सारखा तोच हुकूम ऐकून ग्रंथी बधिर होते आणि काम बंद. ज्यांनी लाँग प्रोटोकॉलची आयव्हीएफ केलीय त्यांच्या लक्षात आलं असेल, ल्युप्रोलाइड याच घरातलं. आपल्यात ते कशासाठी देतात तर स्वतःची बीजं मध्येच सुटू नयेत, डॉक्टरांच्या वेळेला सुटावीत. म्हणजे मूल व्हावं म्हणून. कांगारूला त्याच जातीचं औषध मूल होऊ नये म्हणून, तेच दार त्यांच्यासाठी वर्षभर किंवा जास्त बंद ठेवायचं. ही गोष्ट मला पुण्याच्या त्या सिस्टरने पाच मिनिटांत सांगितली असती तर मी इतक्या रात्री घामाने भिजून का उठते, एवढी चिडचिड का होते ते समजून घेऊन सोसलं असतं. मला वाटायचं मीच वेडी होत चाललेय.

नर टॅमारवर मात्र डेस्लोरेलिनचा उपयोग होत नाही, टेस्टोस्टेरॉन खाली येतच नाही. कुत्र्यांत, माणसांत येतं, यांच्यात नाही. आई म्हणाली, "तिथेही बाईनेच सोसायचं मग." ती हे अगदी मनापासून म्हणाली. पुरुष नसबंदीच्या कॅम्पसाठी ती दारोदार फिरलीय, पुरुष मागच्या दाराने शेतात निघून जायचे आणि शेवटी टाक्याला बायकोच यायची, बाळंतपणाच्या आठव्या दिवशी.

इम्प्लांट लावलेल्या मादीचं पुढे काय होतं, हा माझा प्रश्न होता. व्हिक्टोरियात राखाडी कांगारूंवर मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बघितलंय की पिशवीत मोठं पिल्लू असलेल्या माद्यांना जास्त चरावं लागतं, इम्प्लांटवाल्यांना तेवढं नाही. दुधाचा खर्च त्यांच्या अंगावर पडत नाही. म्हणजे ती मादी मजेत असते असं मी म्हणत नाही, तिला काय वाटतं ते मला कसं कळणार, पण ती खंगत नाही, आणि तिच्या वाटचं गवत शिल्लक राहतं. अडचण खर्चाची आहे. एकेकीला भूल देऊन पकडायचं, काडी घालायची, वर्षांनी परत यायचं, हे गोल्फ कोर्स, बंदिस्त पार्क, एखादं बेट इथे जमतं. मोकळ्या रानात हजारो कांगारूंना कोण पकडणार.

आता तो शब्द. व्हॅनमध्ये बसल्याबरोबर एक छापील पत्रक देतात, चार पानी, फोटो छान आहेत. त्यात लिहिलंय की व्हिक्टोरियात काही जंगलांमध्ये कोआलाच्या माद्या "स्टरलाइझ" केल्या आहेत. गाइड बाई स्वतः हा शब्द एकदाही वापरत नाहीत, पण पत्रकात आहे आणि व्हॅनमधल्या रेकॉर्डेड कॉमेंट्रीतही आहे. मी आईला वाचून दाखवलं "ऑपरेशन केलेल्या माद्या" आणि आईच्या कपाळावर आठी आली. दिवसभर ऐकल्यावर ती परतीच्या वाटेवर म्हणाली, "अगं पण हे ऑपरेशन नाहीये. ही तांबी झाली, कॉपर-टी. टाके घातले की दार बंद, तांबी काढली की दार उघडं. आम्ही बायकांना हे शंभर वेळा समजावून सांगायचो, तरी सासवा म्हणायच्या नर्सबाईंनी सुनेला वांझ केलं. असं लिहू नये यांनी."

मी हे शब्दशः इंग्रजीत करून गाइड बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझं स्वतःचंही हेच म्हणणं आहे. ज्या बाईने मूल होत नाही म्हणून चार वर्षं काढलीत, हळदीकुंकवाला कोणी मुद्दाम ओटी भरत नाही हे सोसलंय, तिला हा शब्द नुसता चुकीचा वाटत नाही, लागतो. पाळणा लांबवणं वेगळं आणि कायमचं बंद करणं वेगळं, औषध उतरलं की ती मादी परत माजावर येऊ शकते, मग पत्रकात तेच लिहा. अर्धा स्टार यासाठी.

कोआलाबद्दल अजून एक, हे ऐकायला केनेट रिव्हरला जरा मागे थांबा, बाकीचे पोपटांचे फोटो काढायला पळतात. कोआलात नर-मादी एकत्र आल्याशिवाय बीज सुटतच नाही. मांजरीसारखं. म्हणून कोआलाला कृत्रिम रेतन करायचं तर नुसतं वीर्य सोडून भागत नाही, तिच्या अंगाला पटवावं लागतं की जुगणं झालंय. ब्रिस्बेनला लोन पाइन अभयारण्य आणि क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी काचेची कांडी वापरून ते केलं, एचसीजीचं इंजेक्शन देऊनही बीज सुटतं, आणि नव्वदीच्या शेवटी अशी पिल्लं जन्मलीसुद्धा. एचसीजी म्हणजे आपलं ट्रिगर शॉट. मला रात्री बरोबर साडेदहाला घ्यायला सांगितलं होतं, एक मिनिट इकडे तिकडे नाही, नवऱ्याने तीन अलार्म लावले होते.

आणि हे सगळं कशासाठी, तर तोच कोआला व्हिक्टोरियात जास्त झालाय आणि क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्समध्ये फेब्रुवारी २०२२ पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. जंगल तोडलं, रस्त्यावर गाड्या, कुत्री, वर क्लॅमिडिया नावाचा संसर्ग, त्याने माद्यांच्या अंडाशयाजवळ पाण्याच्या गाठी होतात आणि पिल्लं होणं थांबतं. एका राज्यात पाळणा लांबवायचा, दुसऱ्यात पाळणा हलावा म्हणून धडपडायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत तर क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीने राखाडी कांगारूचे गर्भ प्रयोगशाळेत तयार केले, इक्सी करून, म्हणजे एक शुक्राणू सुईने बीजात सोडून, वीसच्या वर गर्भ झाले. बीज आणि वीर्य मेलेल्या कांगारूंकडून घेतलेलं. कांगारू कमी आहेत म्हणून नाही, पुढे जे प्राणी संपत आलेत, टास्मानियन डेव्हिल, उत्तरेकडचा केसाळ नाकाचा वॉम्बॅट, त्यांच्यासाठी हात बसावा म्हणून. माझाही मुलगा इक्सीचाच. मी गाइड बाईंना ते सांगितलं, त्यांनी माझा हात धरला फक्त, काही बोलल्या नाहीत.

बाकीचं पटकन. जेवण ठीकठाक, शाकाहारी सांगितलं होतं तरी सँडविचमध्ये अंडं निघालं, आईने धपाटे आणले होते म्हणून चाललं. जैन असाल तर डबा न्याच. वाऱ्याला थट्टा समजू नका, जानेवारीतही समुद्राजवळ शाल लागते. व्हॅनमध्ये डाव्या बाजूची सीट मागा, जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. टॉयलेट स्वच्छ होती. ज्यांच्या कंबरेला त्रास आहे त्यांनी मागची सीट घेऊ नये, आईला परतताना मधल्या सीटवर हलवलं, तेही न सांगता त्यांनीच. कोआला दिसतीलच याची खात्री कोणी देत नाही, आम्हाला चार दिसले, एक अगदी खाली, दोन फांद्यांच्या बेचक्यात बूड अडकवून झोपलेला, कान वाऱ्याने हलत होते.

आणि शक्यतो सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जा. राखाडी कांगारूंची बाळंतपणं जास्त करून उन्हाळ्यात होतात, म्हणजे वसंतात पिल्लं मोठी झालेली असतात, पिशवीतून डोकी बाहेर काढतात, उतरतात, घाबरली की डोकं पुढे करून आत कोलांटी मारतात. आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो.

अपडेट: टूरवाल्यांचा मेल आला. शिल्लक पत्रकं संपली की नवीन छपाईत शब्द बदलणार आहेत, "तात्पुरतं प्रजनन नियंत्रण" असं काहीतरी लिहिणार म्हणे, कॉमेंट्रीतलं आत्ताच काढून टाकलंय. आईला मेल वाचून दाखवला तर तिने विचारलं, त्यांना तांबीला इंग्रजीत काय म्हणतात ते कळवलंस ना नीट. नवीन पत्रक हातात आलं की अर्धा स्टार परत देईन.